एकाच वेळी अनेक कळा

ब्रेल लिपीत प्रत्येक अक्षरासाठी सहा टिंबांच्या जागा असतात. भारती ब्रेलमध्ये पहिले व तिसरे टिंब मिळून 'क' होतो, तर सहाही टिंबे मिळून 'ढ'. ही लिपी बोटांनी लिहिण्यासाठी पर्किन्स ब्रेलर या यंत्राचे उत्पादन १९५१ साली सुरू झाले. त्यावर प्रत्येक टिंबाची एक कळ असते आणि अक्षराला लागणाऱ्या सर्व कळा एकदम दाबाव्या लागतात.

संगणकाच्या साध्या कळफलकावरही सहा कळा ठरवून असे लिहिता येते. मात्र काही कळफलकांवर एखादी कळ दाबूनही तिची नोंद होत नाही. 'ढ' लिहिताना सहावे टिंब हरवले, तर 'क्ष' उमटतो. पडदा न पाहणाऱ्या अंध लेखकाच्या दृष्टीने ही चूक लहान नव्हे.

असे का होते? शंभराहून अधिक कळांना स्वतंत्र तारा जोडणे खर्चाचे असते. म्हणून कळफलकात आडव्या व उभ्या तारांची जाळी असते आणि प्रत्येक छेदावर एक कळ असते. आतील नियंत्रक एकेका आडव्या तारेची पाळीपाळीने तपासणी करतो. समजा, पहिल्या ओळीतील दोन शेजारच्या कळा आणि त्यांपैकी पहिलीच्या खालची कळ अशा तीन कळा दाबल्या. दुसरी ओळ तपासताना वीजप्रवाह खालच्या कळेतून पहिल्या उभ्या तारेत, तेथून वरच्या ओळीत आणि पुढे दुसऱ्या उभ्या तारेत पोहोचतो. परिणामी, न दाबलेली चौथी कळही दाबल्यासारखी भासते. हा भास टाळण्यासाठी अनेक कळफलक अशा वेळी तिसऱ्या कळेची नोंदच करीत नाहीत.

यावर उपाय आहे. प्रत्येक कळेला एक डायोड जोडला, की प्रवाह एकाच दिशेने वाहतो. उलट वाट बंद होते. केवळ ब्रेलसाठी कळफलक बनवायचा असेल, तर काम आणखी सोपे होते. सहा टिंबांच्या कळा व मोकळ्या जागेची एक, अशा सातच कळा लागतात. प्रत्येकीची स्वतंत्र तार नियंत्रकाला जोडली, की जाळीची गरजच उरत नाही.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. माणसाची सर्व बोटे नेमकी एकाच क्षणी पडत नाहीत. म्हणून नियंत्रकातील आज्ञावली दाबलेल्या कळा लक्षात ठेवते आणि सर्व कळा सुटल्यावरच अक्षर ठरवते. अशा रीतीने यंत्र बोटांच्या गतीशी जुळवून घेते आणि लिहिणाऱ्याला आपल्या अक्षरांवर विश्वास ठेवता येतो.