आधी मीठ, मग मसाला

कोल्हापुरी ताटात तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से शेजारी वाढले जातात. एकावर मिरचीचा लालभडक कट तरंगतो. दुसऱ्यात लाल तिखटाचा कणही नसतो. तिथे नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू आणि मोजका खडा मसाला असतो. रंगाने आणि स्वभावाने इतके वेगळे असलेले हे दोन्ही रस्से बहुतेक घरांत एकाच पातेल्यातून निघतात. मीठ, आलं-लसूण आणि असली तर चिमूटभर हळद लावून मटण शिजवायचं आणि त्याचं पाणी दोन्हीकडे वापरायचं. हे पाणी बेचव असेल, तर ना मिरची रस्सा सावरते ना काजू. मटण करायला नव्याने शिकणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘मसाला कोणता घालू?’ असा असतो. माझ्या मते तो प्रश्न बराच पुढचा आहे. मटणाची चव मसाल्यांच्या संख्येवर ठरत नाही. मीठ कधी पडलं आणि कोणता जिन्नस कोणत्या उष्णतेत किती वेळ राहिला, यावर ती ठरते.

मिठापासून सुरुवात करायची, कारण मसाल्याच्या डब्यातल्या सगळ्या जिनसांत फोडीच्या आतपर्यंत पोचणारं तेच आहे. मीठ मांसातल्या पाण्यात विरघळतं आणि हळूहळू आत सरकतं. धणे, जिरं, मिरची, हळद यांतला बराचसा स्वाद आणि रंग तेलात उतरणारा असतो, म्हणून तो फोडीच्या पृष्ठभागावर आणि रश्श्यातच राहतो. मसाला नंतर घालून भागतं, पण आतून अळणी राहिलेली फोड वरच्या खारट रश्श्याने सुधारत नाही. १ किलो मटणाला बारीक मिठाचे २ सपाट छोटे चमचे, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम, ही सुरुवात ठीक असते. आलं-लसणाच्या वाटणाबरोबर ते फोडींना चोळावं आणि निदान तासभर मुरू द्यावं. रश्श्याचं मीठ वेगळं, ते शेवटी चव बघून घालायचं. यावर घरोघरी एक आक्षेप ऐकू येतो: मीठ आधी घातलं की मटण वातड होतं. मीठ लागल्यावर मांसाला पाणी सुटतं, त्यावरून हा समज झाला असावा. पण तेच खारं पाणी काही वेळाने पुन्हा आत शोषलं जातं, आणि मीठ मुरलेलं मांस शिजताना आपला रस जास्त धरून ठेवतं. वातडपणाचं मूळ जनावराच्या वयात आणि स्नायूंना बांधणाऱ्या चिवट पडद्यांत असतं. ओल्या उष्णतेत पुरेसा वेळ मिळाला की हे पडदे विरघळतात आणि रश्श्याला अंगचा दाटपणा येतो. म्हणून घाई झाली तर चूक मिठाची नाही, वेळेची.

पातेल्यावर खोलगट ताट झाकून त्यात पाणी ठेवायची आपल्याकडची जुनी रीत इथे उपयोगी पडते. आतली वाफ ताटाला लागून पुन्हा खाली गळते, त्यामुळे मटण बराच वेळ स्वतःच्याच सुटलेल्या पाण्यात शिजतं. ते आटत आलं की ताटातलं गरम पाणी आत ओतायचं, म्हणजे उकळी मोडत नाही. कुकरमध्ये काम लवकर होतं यात वाद नाही. फक्त पाणी बेताचं घालावं, नाहीतर अळणी पाण्याचा पसारा होतो.

आता वाटण. नवशिक्याचा रस्सा फिका लागतो तो बहुतेक वेळा इथेच. कांद्यात पाणी भरपूर असतं, आणि पाणी आहे तोवर कढईतला कांदा १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. खमंगपणा देणारी प्रक्रिया, जिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार यांनी १९१२ मध्ये केलं, ती साधारण १४० अंशांच्या आसपास वेग घेते. म्हणून कांदा आधी नुसता घाम गाळतो, मग मऊ पडतो, आणि चरचर कमी होऊन कडा तांबूस झाल्या की खरी चव तयार व्हायला लागते. सुक्या खोबऱ्याचंही तेच, बदामी रंगापर्यंत भाजायचं, काळं होऊ द्यायचं नाही. वाटून पुन्हा तेलात परतताना कडेने तेल सुटेपर्यंत थांबतात, कारण तेल सुटणं म्हणजे वाटणातलं पाणी गेल्याची खूण. त्यानंतरच आच मंद करून तिखट घालावं. मिरचीपूड काही सेकंदांत करपते आणि कडूपणा मग जात नाही. भीती वाटली तर चमचाभर पाणी शिंपडावं. कुणी म्हणेल, मसाला थेट रश्श्यात उकळला तरी शिजतोच की. शिजतो, पण तिखटाचा रंग आणि वास तेलात उतरतो तसा पाण्यात उतरत नाही, आणि वर कट येत नाही.

मालवणी किंवा सावजी मसाल्यात तर पुष्कळ जिनसा असतात, मग संख्येला महत्त्व नाही असं कसं म्हणायचं? त्या मसाल्यांची थोरवी मान्यच आहे. पण त्यांतला प्रत्येक जिन्नस वेगळा भाजलेला असतो, प्रमाण पिढ्यांनी बसवलेलं असतं, आणि पातेल्यात तयार मसाला दोन-तीन चमचेच पडतो. नवशिक्याने एकच चांगला मसाला धरावा. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला असेल तर त्यावर आणखी गरम मसाल्याचा ढीग नको. विकतच्या अनेक मसाल्यांत मीठ असतं, तेव्हा पाकिटावरची यादी वाचूनच हात चालवावा. मिरची निवडताना रंगासाठी ब्याडगी, झणक्यासाठी लवंगी, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

खडा मसाला सुरुवातीला तेलात, गरम मसाल्याची पूड शेवटी, कारण तिचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो. कच्च्या पपईने मांस मऊ होतं हे खरं, पण तिचा परिणाम पृष्ठभागावरच होतो आणि फार वेळ ठेवली तर फोडीचा वरचा थर पिठूळ होतो. लिंबू शेवटीच पिळावं. गोव्याचं विंदालू याला अपवाद वाटेल, कारण तिथे डुकराचं मांस व्हिनेगर आणि लसणात आधीच मुरवतात. पण त्या पदार्थाचा मूळ हेतू मांस टिकवण्याचाही होता, आणि डुकराच्या चरबीला तो आंबटपणा पेलतो. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध घातल्यावर जोरात उकळी येऊ देऊ नये, ते फुटतं. मिठाचा शेवटचा हात त्यानंतरच फिरवावा, आणि चव नुसत्या चमच्याने न बघता भाताच्या घासाबरोबर बघावी. भातात मीठ नसतं, त्यामुळे चमच्यात नेमका वाटलेला रस्सा घासात कमी पडतो.