दिवाणखान्यांतील रणांगण आणि घरचे नियम

दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे मुलें अंगणांत मातीचा किल्ला करतात. त्यावर हळीव पेरून हिरवळ उगवितात, बुरुजांवर मावळे उभे करतात, पायथ्याशीं तोफा मांडतात आणि शिवाजीमहाराजांना सिंहासनावर बसवितात. सर्व सिद्धता होते. पण लढाई मात्र होत नाहीं. सैन्य आहे, रणभूमि आहे, परंतु नियम नाहींत. कोणीं किती चालावें, कोणाचा शिपाई केव्हां पडला असें समजावें, याचा ठराव नसल्यामुळें दोघां भावंडांनीं लढाई आरंभिली, कीं थोड्याच वेळांत ती शिपायांची न राहतां भावंडांचीच होते! घरच्या घरीं असे नियम करतां येतील काय, आणि येत असल्यास ते कसे असावे, या प्रश्नाचा थोडा विचार करावा म्हणून हा लेख लिहिला आहे.

सैन्याला नियमांत बसवून त्याचा खेळ करण्याची कल्पना आपल्या देशास नवी नाहीं. हत्ती, घोडे, रथ व पायदळ या चार अंगांवरून नांव मिळालेला चतुरंग येथेंच जन्मास आला, आणि इराण-अरबस्तानांतून युरोपांत जाऊन त्याचें आजचें बुद्धिबळ झालें. परंतु बुद्धिबळांत डोंगर नाहीं, ओढा नाहीं. आणि प्यादें मारावयास निघालेल्या मोहऱ्याचा नेम कधीं चुकत नाहीं. रणभूमीची ही अनिश्चितता खेळांत आणण्याचा मोठा प्रयत्न प्रशियांत झाला. बॅरन फॉन राइसविट्झ यानें १८१२ सालीं आपला खेळ राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यास दाखविला, व त्याच्या मुलानें १८२४ सालीं त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. नकाशावर ठोकळे सरकवावयाचे, हानि किती झाली हें फांसे व कोष्टकें यांवरून ठरवावयाचें, आणि दोन्ही पक्षांवर एक पंच नेमावयाचा, अशी त्याची रचना होती. परंतु कोष्टकांचा भार पुढें इतका जाचक वाटूं लागला, कीं १८७६ मध्यें फॉन व्हेर्डी या सेनाधिकाऱ्यानें तीं बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच खेळ चालवावा असें सुचविलें. नियम नसले तर भांडण, आणि फार झाले तर कंटाळा. या दोहोंमधील वाट घरच्या खेळासाठीं शोधून काढणारा गृहस्थ मात्र सेनापति नव्हता. तो होता इंग्रज कादंबरीकार एच्. जी. वेल्स.

वेल्स सँडगेट येथें राहत असतां एके दिवशीं जेवणानंतर त्याच्या एका मित्रानें खेळण्यांतील तोफेनें शिशाच्या शिपायांवर नेम धरण्यास आरंभ केला. स्प्रिंगच्या जोरावर इंचभर लांकडी गोळा फेंकणारी ही तोफ नऊ यार्डांवरूनहि सहसा नेम चुकत नसे. पाहुणे व यजमान पैज लावून शिपाई पाडूं लागले, आणि शिपायांनीं हलावयास नको काय, असा प्रश्न निघाला. मग जाड जाड ज्ञानकोशांचे खंड जमिनीवर मांडून डोंगर झाले, आणि एकेक नियम जन्मास आला. १९१३ सालीं 'लिट्ल वॉर्स' या नांवाच्या छोट्या पुस्तकांत वेल्सनें ते सर्व सांगितले. या खेळांत एक शिपाई म्हणजे एकच शिपाई; प्रशियाच्या ठोकळ्याप्रमाणें साऱ्या तुकडीचें प्रतीक नव्हे.

हे नियम पाहिले असतां त्यांतील व्यवहारज्ञान मोठें कौतुकास्पद वाटतें. रणभूमि कोणीं मांडावी? एकानें मांडावी, आणि कोणत्या बाजूनें लढावयाचें हें दुसऱ्यानें निवडावें. दोघां मुलांत एक लाडू वांटावयाचा असला म्हणजे आपल्या घरांतील वडीलधारी बाई हेंच करते. एकानें फोडावा आणि दुसऱ्यानें उचलावा! मांडणाऱ्याला पक्षपात करण्यांत कांहीं लाभच उरत नाहीं. सैन्य मांडतांना मध्यें पडदा टांगावा, म्हणजे परस्परांचा बेत कळत नाहीं. पायदळानें एका पाळींत एक फूट चालावें, घोडदळानें दोन फूट. तोफेनें एका पाळींत चालावें किंवा चार गोळे उडवावे, दोन्ही करूं नये. आणि तिच्यापासून सहा इंचांच्या आंत निदान चार शिपाई असल्यावांचून ती मुकीच समजावी. या शेवटच्या नियमाचें मर्म असें, कीं तो नसता तर सारा खेळ तोफांचाच झाला असता. त्याच्यामुळें साध्या प्याद्याला किंमत आली.

वेळेचा नियमहि असाच अनुभवांतून निघाला. नेम धरण्यांत खेळाडू फार वेळ घालवूं लागले, तेव्हां प्रथम एका पाळीस दहा मिनिटांची मर्यादा घातली. पुढें ती इतकी आंखडली, कीं संथ खेळाडूस सर्व माणसें हलविणें जेमतेम साधावें. एकशें दहा शिपाई व तीन तोफा यांना सात मिनिटें पुरेत, असें वेल्सचें मत होतें. त्यामुळें घाईंत एखादी तुकडी मागें राहूं लागली, कोणी उघड्यावर सांपडूं लागला, आणि खेळांत खऱ्या युद्धाची धांदल उतरली. हातघाईच्या प्रसंगीं दोन्हीकडील शिपाई सारख्या संख्येनें पडतात. परंतु ज्याच्या पाठीशीं जवळ मदत नाहीं अशी एकटी पडलेली तुकडी कैद होते. एकट्यानें फार पुढें धांवूं नये, ही शिकवण त्या मुलांस व्याख्यानावांचून मिळत असे.

आमच्या घरीं दोघां पुतण्यांनीं गेल्या दिवाळींत किल्ल्यापुढें असाच डाव मांडला. धाकट्याच्या तोफेचा वाटाणा थोरल्याच्या मावळ्यास लागला. पण मावळा खालीं न पडतां तटास टेकून उभा राहिला. मेला कीं जगला? थोरला म्हणे, "पाठ टेकली नाहीं, तो जिवंत आहे." धाकटा रडकुंडीस आला. मजकडे फिर्याद आली तेव्हां दोघांसहि माझ्या तोंडून आपल्याच सोयीचा कायदा हवा होता. मीं नाणें उडविलें. नाणें थोरल्याविरुद्ध पडलें. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. पण त्यानें स्वतःच्या हातानें तो मावळा उचलून बाजूस ठेवला. मग टेकलेला शिपाई पडलाच समजावा, असें वहींत लिहून दुसऱ्या दिवसापासून तो नियम लागू केला. घरच्या नियमांचें सारें सार मला येथेंच दिसलें. नियम डावापूर्वीं करावा. मध्येंच शंका निघाल्यास तिचा निकाल नाण्यानें लावावा, आणि नवा नियम पुढील डावापासून पाळावा. हरत असतांना केलेला नियम हा नियम नव्हे, सबब होय.

मुलांच्या हातीं खेळांतील कां होईना पण युद्ध देणें योग्य काय, अशी शंका आईबापांस येणें साहजिक आहे. वेल्सलाहि ती आली होती. त्याचें म्हणणें असें, कीं हा खेळ तीन-चार वेळां खेळणाऱ्यास खरें महायुद्ध किती गोंधळाचें व मूर्खपणाचें असतें हें उमगल्यावांचून राहत नाहीं. पुस्तक निघाल्यावर एकच वर्षानें, १९१४ मध्यें, तें महायुद्ध पेटलें. आणि हें युद्ध सर्व युद्धांचा शेवट करील, अशी आशा बाळगणारे लेख याच वेल्सनें लिहिले. ती आशा फोल ठरली. १९३९ सालीं दुसरें युद्ध सुरू झालें, आणि १९४६ मध्यें त्याचा मृत्यु झाला, तो या दुसऱ्या युद्धाचाहि संहार पाहूनच.

ज्यानें तें युद्ध रणगाड्यांच्या दलांत राहून अनुभविलें, त्या डोनल्ड फेदरस्टोन या इंग्रजानें १९६२ पासून या खेळावर अनेक पुस्तकें लिहिलीं. त्यांतील १९७५ चें एक केवळ लहान चकमकींविषयीं आहे. चकमकीच्या खेळांत मोजके शिपाई असल्यामुळें त्यांना नांवें देतां येतात; आणि सोबती पडतांना पाहून हा शिपाई टिकेल कीं मागें हटेल, हें पुष्कळदां फांशावर ठरवितात. नांव मिळालेला शिपाई उगीच बळी देतांना मुलाचा हात अडखळतो. तें अडखळणें मोलाचें आहे.

तेव्हां येत्या दिवाळींत किल्ला झाला म्हणजे एक कोरी वही, एक फूटपट्टी, एक घड्याळ आणि एक नाणें एवढें साहित्य त्याच्याजवळ ठेवावें. जुने शिशाचे शिपाई घरांत असल्यास ते कपाटांतच राहूं द्यावे. शिसें विषारी आहे, आणि लहानांचे हात तोंडांत जातात. मातीचे मावळे पुरेसे आहेत. नियम मुलांनींच करावे, थोडे करावे, आणि लिहून ठेवावे. डाव संपल्यावर पडलेले सगळे मावळे पुन्हां उठून तटावर उभे राहतात. खऱ्या लढाईंत तसें होत नाहीं, एवढें मात्र वडिलांनीं एकदां शांतपणें सांगावें.