कंपवात आणि मेंदूवरची शस्त्रक्रिया

कपबशी धरली की हात थरथरतो. सदऱ्याची गुंडी लागत नाही. चालताना पाय जमिनीला खिळतात. घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच!" पण दर वेळी कारण वय नसते. तो कंपवात असू शकतो. 1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या रोगाचे वर्णन लिहिले. म्हणून त्याला पार्किन्सनचा रोग असेही म्हणतात.

हा रोग होतो कशाने? आपला हात हलतो तो मेंदूच्या हुकमाने. हे काम नीट चालावे म्हणून मेंदूत एक रस तयार होतो. त्याचे नाव डोपामीन. हा रस बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. रस कमी पडतो. मग हाताला कंप सुटतो, अंग ताठते, चाल मंदावते.

यावर गोळ्या आहेत. पहिली काही वर्षे त्यांचा चांगला गुण येतो. पुढे गोळीचा गुण लवकर ओसरू लागतो. कधी अंग आपोआप वळवळते. अशा वेळी काही रोग्यांना शस्त्रक्रिया उपयोगी पडते.

ही रीत निघाली कशी? फ्रान्स देशात ग्रनोबल नावाचे शहर आहे. 1987 साली तिथे डॉक्टर बेनाबिद कंप असलेल्या एका रोग्यावर शस्त्रक्रिया करीत होते. त्या काळी कंपाशी संबंध असलेला मेंदूचा बारीकसा भाग जाळून टाकीत. जागा बरोबर आहे ना, हे पाहायला त्यांनी विजेचे हलके ठोके दिले. ठोके जलद केले, तशी थरथर थांबली! मग जाळायचे कशाला? तारच आत ठेवावी, अशी युक्ती निघाली.

आज कवटीला लहान भोक पाडून मेंदूत बारीक तार सोडतात. छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवून ती तारेला जोडतात. पुष्कळदा रोगी जागा असतो. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. डॉक्टर सांगतात, "आजोबा, मूठ उघडा, मिटा." हात स्थिर झाला की जागा सापडली.

पण ध्यानात ठेवा, रोग मुळापासून जात नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. गोळ्या कमी होतात, पण बहुधा सुटत नाहीत. खर्च मोठा असतो. क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो, जखम चिघळते. ज्यांची स्मृती फार गेली आहे, त्यांच्यावर ही शस्त्रक्रिया बहुधा करीत नाहीत.

म्हणून "एका फटक्यात बरा करतो" असे कोणी म्हटले, तर भुलू नका. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्याचा हात कापला, तर हसू नका. कपबशीऐवजी अर्धा भरलेला पेला त्याच्या हाती द्या.