हातात आलेला पैसा

पावसाळा तोंडावर आला आहे. घरात दोन वेळचे पीठ उरलेले नाही. शेताला बी हवे. धाकटी पोर तापाने फणफणली आहे. घरधनी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. सावकार म्हणतो, "पैसे घे. पण महिन्याला शेकडा पाच व्याज. आणि पीक आलं की माल मलाच घालायचा." घरधनी मान हलवतो. दुसरे काय करणार? अडला हरी, गाढवाचे पाय धरी!

अशी घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. समजा, अशा घराला कोणी दर महिन्याला थोडे रोख पैसे दिले, तर काय होईल? पैसे परत करायचे नाहीत. व्याज नाही. हिशेब कोणी मागायचा नाही.

लगेच कोणी म्हणेल, "छे! माणसं आळशी होतील." दुसरा म्हणेल, "अहो, सगळा पैसा गुत्त्यात जाईल."

हे खरे आहे काय? पारावर बसून नुसते बोलल्याने कळणार नाही. करून पाहिले पाहिजे. आणि ते करून पाहिलेले आहे. तेही दूर नाही, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात.

इंदूरकडची गावे

'सेवा' नावाची कष्टकरी बायकांची एक संघटना आहे. इलाबेन भट्ट यांनी ती १९७२ साली अहमदाबादेत सुरू केली. या संघटनेने २०११ साली इंदूर जिल्ह्यातील आठ गावांत एक प्रयोग केला. मुलांसाठी काम करणाऱ्या 'युनिसेफ' या जागतिक संस्थेने त्याला पैसा पुरवला.

गावातल्या प्रत्येक माणसाला दर महिन्याला पैसे मिळू लागले. मोठ्या माणसाला २०० रुपये. लहान मुलाला १००. मुलांचे पैसे आईच्या हाती. बाईचे पैसे बाईच्या नावावर, म्हाताऱ्याचे म्हाताऱ्याच्या नावावर. वर्षभराने रक्कम वाढवून ३०० आणि १५० रुपये केली. सुमारे दीड वर्ष हे चालले. पुढे एका आदिवासी गावातही वर्षभर असेच पैसे दिले.

आता हिशेब करून पाहा. नवरा, बायको आणि तीन मुले. दोन मोठ्यांचे ४०० आणि तीन मुलांचे ३००. मिळून महिन्याला ७०० रुपये. एवढ्यावर कोणाचे घर चालत नाही. मजुरीला जावेच लागते. पण महिन्याच्या महिन्याला ७०० रुपये येणार, ही खात्री झाली.

त्याच भागातील आणखी बारा गावे निवडली. त्यांना पैसे दिले नाहीत. मग दोन्हीकडच्या घरांची विचारपूस केली. मुलांची वजने केली. म्हणजे पैशाने फरक पडला की नाही, ते ताडून पाहता आले.

काय दिसले?

पहिला फरक ताटात दिसला. पैसे मिळालेल्या घरांत खाणे सुधारले. अंगाने वाळलेली मुले भरू लागली. मुलींच्या वजनात हा फरक जास्त दिसला. एरवी घरात थोडेच असले, म्हणजे मुलीच्या ताटात कमी पडते. हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरा फरक शाळेत दिसला. वह्या, कपडे, जाण्यायेण्याचे भाडे यांना पैसे निघाले. मोठ्या वर्गातल्या मुली शाळेत टिकू लागल्या.

तिसरा फरक कामात दिसला. माणसे आळशी झाली नाहीत. उलट कोणी बी-खत घेतले. कोणी शेळ्या-कोंबड्या पाळल्या. कोणी शिवणयंत्र आणले. आदिवासी गावात पुष्कळ माणसे दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून आपल्याच शेतात राबू लागली.

आणि दारू? दारूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही.

एवढ्याशा पैशाने हे कसे झाले?

सावकाराकडे २,००० रुपये काढले, तर शेकडा पाचप्रमाणे महिन्याला १०० रुपये व्याज झाले. वर्षाला १,२००. मुद्दल तसेच डोक्यावर! तेच पैसे वेळेवर हाती असते, तर हे १,२०० रुपये घरात राहिले असते.

गरिबाला अक्कल नसते, म्हणून तो कर्ज काढतो, असे नाही. त्याची वेळ अडलेली असते. भाव पडलेला असताना तो माल विकतो, कारण थांबायला बळ नसते. ताप अंगावर काढतो, कारण डॉक्टरला द्यायला पैसे नसतात. मग तोच ताप पुढे महागात पडतो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? ठरल्या दिवशी येणारा थोडा पैसा ही अडलेली वेळ सोडवतो. त्याचे खरे मोल हे आहे.

पण पैशाने सारेच होते असे समजू नका. दवाखान्यात डॉक्टर नसेल, तर खिशातले पैसे काय कामाचे? शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी हे हवेच. रोख पैसा त्यांच्या जोडीला हवा, त्यांच्या बदल्यात नव्हे. आणि महागाई वाढली व रक्कम तेवढीच राहिली, तर तिची किंमत आपोआप उतरते.

आपल्या खात्यात

सरकारही अशी मदत थेट खात्यात देऊ लागले आहे. २०१९ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांसाठी वर्षाला ६,००० रुपयांची योजना सुरू केली. हे पैसे तीन हप्त्यांत द्यायचे ठरले. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने 'माझी लाडकी बहीण' योजना आणली. तिच्यात पात्र बायकांना महिन्याला १,५०० रुपये ठरले. इंदूरकडे गावातल्या सगळ्यांना पैसे मिळत होते. या योजनांना मात्र अटी आहेत. त्या नीट विचारून घ्याव्यात.

पैसा खात्यात आला, म्हणजे हातात आलाच असे नाही. मध्ये कोणी हात मारू नये, म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पासबुक आपल्याजवळ ठेवा. ते भरून घ्या आणि वाचा.

यंत्रावर अंगठा देण्याआधी किती रुपये निघणार, ते विचारा. पावती मागा.

मोबाईलवर आलेला गुप्त आकडा कोणालाही सांगू नका. बँकेचा माणूस म्हणून कोणी विचारले तरी सांगू नका.

"तुमचं काम करून देतो, त्यातले थोडे मला द्या," असे म्हणणाऱ्याला दाराबाहेरच ठेवा.

पूर्वी सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, ते आपल्याला कळत नव्हते. तो सांगेल ते खरे मानावे लागे. आता आपल्याला अक्षर आले आहे, आकडा आला आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर पासबुक काढा. शेवटच्या ओळीवर बोट ठेवा. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, ते मोठ्याने वाचा. घरातल्या बाईलाही वाचू द्या. खाते तिच्या नावाचे असेल, तर आधी तिलाच वाचू द्या.