मोबदला सांगण्याची भीड

“तुमचें काय द्यायचें ?” हा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांना केव्हां ना केव्हां विचारला जातो, आणि तो ऐकतांच आपली मान खालीं जाते. यजमानानें दक्षिणा ठरवावी व आपण ती ‘यथाशक्ति’ म्हणून न मोजतां स्वीकारावी, ही रीत ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या चालत आली, त्यांच्या नातवंडांना स्वतःच्या श्रमाची किंमत तोंडानें सांगणें जड जावें यांत नवल नाहीं. परंतु ही भीड दिसते तितकी निरुपद्रवी नाहीं. ती केवळ आपलेंच नुकसान करते असें नव्हे. प्रसंगीं ती आपल्या सचोटीवरहि घाला घालते. माझ्या भाच्याच्या बाबतींत हें मीं नुकतेंच जवळून पाहिलें, म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझी बहीण वरणगांवास असते. गांव भुसावळ तालुक्यांतील. काडतुसें तयार करणारा सरकारी कारखाना गांवालगत. भुसावळचें रेल्वे-जंक्शन व दीपनगरचें वीजकेंद्रहि जवळच. त्यामुळें नोकरीनिमित्त आलेलीं व निवृत्तीनंतर येथेंच राहूं पाहणारीं कुटुंबें या भागांत पुष्कळ. त्यांना घर तयार हवें असतें. बांधीत बसण्यास सवड नसते. उलट जुन्या वस्तींत सागवानी खांब-तुळयांचीं आणि मातीच्या धाब्याचीं घरें कुलुपें लावून पडलेलीं, धनी पुण्या-मुंबईकडे. अशीं घरें विकत घ्यावींत, त्यांची नीट दुरुस्ती करावी व वर्षाच्या आंत पुन्हा विकावींत, असा व्यवसाय अलीकडे कांहीं भांडवलवाले करूं लागले आहेत. पैसा त्यांचा, पण रोज उठून गवंडी, सुतार, नळवाला व वीजवाला यांच्यामागें लागण्यास त्यांना वेळ नाहीं. त्यांना हवा असतो कामावर देखरेख करणारा भरंवशाचा मनुष्य.

माझा भाचा स्थापत्याची पदविका घेऊन नाशकास सहा वर्षें एका ठेकेदाराकडे होता. वडिलांच्या आजारपणामुळें तो घरीं परतला, आणि असेंच एक काम त्याच्याकडे चालून आलें. दोघे भागीदार ओसरीवर बसून चहा घेत होते. त्यांनीं विचारलें, “तुमचें काय द्यायचें ?” भाचा म्हणाला, “तुम्हीच काय तें ठरवा.” त्यांनीं वीस हजार म्हटलें. त्यानें मान डोलावली.

दोन महिन्यांनीं मी वरणगांवास गेलों तेव्हां तो रात्रीं जेवणानंतर माझ्याजवळ येऊन बसला. “मामा,” तो म्हणाला, “सिमेंटचा दुकानदार मला दर पोत्यामागें कांहीं देऊं म्हणतो. मालकांना भाव तोच पडणार. घेऊं का ?” माझी बहीण दाराशीं उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. पण तिच्या चेहऱ्यावरून मला कळलें कीं हा प्रश्न या घरांत आधींहि निघालेला आहे.

मीं त्यास म्हटलें, “याचें उत्तर मग देऊं. आधीं पाटी-पेन्सिल आण.” उभा जन्म मीं हिशेबाच्या खात्यांत काढला, नीतीचा प्रश्न पुष्कळदां हिशेबाच्या चुकींतून उगवतो, एवढें मला तेथें समजलें.

आम्हीं प्रथम त्याचा स्वतःचा हिशेब मांडला. घरखर्चास दरमहा 30,000 रुपये हवेत. स्कूटरचें पेट्रोल, फोन व किरकोळ मिळून 5,000. नव्या माणसास महिन्याचे पंचवीसहि दिवस काम मिळत नाहीं. पंधरा दिवस मिळालें तरी भाग्य. म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवसास सुमारें 2,333 रुपये पडले पाहिजेत. दुरुस्तीचें काम चार महिन्यांचें. आठवड्यांतून तीनदां अर्धा-अर्धा दिवस धरला तर पंचवीस दिवस, आणि पाहणी, अंदाजपत्रक व हिशेब यांस पांच, एकूण तीस. म्हणजे मोबदला 70,000 रुपये हवा. त्यानें पत्करले होते वीस हजार, म्हणजे दिवसाला 667 रुपये. त्याच्या हाताखालील गवंड्याचा रोजसुद्धां याहून अधिक होता.

मग आम्हीं मालकांचा हिशेब मांडला. कारण दुसऱ्याची ऐपत व अडचण न पाहतां नुसती आपली गरज सांगणें हा सौदा नव्हे, तें गाऱ्हाणें होय. उदाहरणादाखल आंकडे असे धरले. घराची किंमत 20 लाख. दुरुस्ती 6 लाख. विक्री 32 लाखांस. वरवर पाहणारा म्हणतो, सहा लाख सुटले. पण मुद्रांक, नोंदणी व वकील यांचे 1,40,000. गुंतलेल्या रकमेचें सहा महिन्यांचें व्याज 1,60,000. विकतांना दलाली 32,000. हें सर्व वजा जातां उरतात 2,68,000. त्यावर पुन्हा प्राप्तिकर. चोवीस महिन्यांच्या आंत विकलेल्या घरावरील नफा अल्पमुदतीचा समजला जातो, आणि हाच धंदा म्हणून चालविल्यास तें धंद्याचें उत्पन्न ठरतें. दीर्घमुदतीची सवलत दोन्ही वाटांनीं मिळत नाहीं.

या आंकड्यांतून दोन गोष्टी ध्यानांत येतात. एक अशी कीं, सत्तर हजार ही रक्कम मालकांस लहान नाहीं. नफ्याचा चौथा हिस्सा ती सहज खाते. दुसरी अशी कीं, काम दोन महिने लांबलें तर नुसत्या व्याजांतच पन्नास हजारांहून अधिक जातात, आणि दुरुस्तीचा अंदाज शेंकडा पंधरांनीं चुकला तर नव्वद हजार. जो मनुष्य या दोन गळती थांबवितो तो आपला मोबदला स्वतःच कमावून देतो. मोबदला सांगतांना हेंच सांगावयाचें असतें. आपली गरज नव्हे.

आतां मोबदला आकारण्याच्या पद्धति. रूढ पद्धत टक्केवारीची : खर्चाच्या शेंकडा दहा. ती सोपी खरी, पण तिच्यांत एक वाकडेपणा आहे. खर्च जितका वाढेल तितका देखरेख करणाराचा लाभ. मनुष्य प्रामाणिक असला तरी मालकाच्या मनांत किंतु राहतो. दुसरी पद्धत नफ्यांत हिस्सा घेण्याची. ती ऐकण्यास गोड. पण घर विकलें न गेल्यास हातीं कांहींच नाहीं. शिवाय नफा म्हणजे कोणता, व्याजाआधींचा कीं नंतरचा, करापूर्वींचा कीं करानंतरचा, हें कागदावर आलें नाहीं तर शेवट भांडणांत. ज्याच्या घरीं आजारी वडील आहेत त्यानें हा जुगार खेळूं नये. तिसरी पद्धत ठराविक रकमेची. नव्या माणसास हीच बरी, मात्र तिला कुंपण हवें : फेऱ्या किती, महिने किती, आणि मालकानें मागाहून सुचविलेल्या कामाचें निराळें काय.

हें कुंपण आमच्या भागांत फार अगत्याचें. येथील काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. पायाला त्याचा झटका बसलेला असला तर तो गिलावा खरवडल्याशिवाय दिसत नाहीं. धाब्याची माती उतरवावी तों तुळईला वाळवी लागलेली आढळते. आणि मृग तर कोणासाठीं थांबत नाहीं. 1884 सालीं खात्यांत नुकतेच रुजू झालेले तरुण विश्वेश्वरय्या यांच्याकडे धुळ्याजवळ दातर्ती येथें नळाच्या सायफनचें काम आलें होतें. पावसानें त्यांनाहि अडविलें, पण त्यांनीं तें काम तडीस नेलें. ते सरकारी पगारावर होते. खोळंब्याचे दिवस खात्याच्या खर्चीं पडले. खाजगी काम करणाराचे ते दिवस त्याच्याच पदरीं पडतात, म्हणून ते आधींच मोजले पाहिजेत.

रक्कम हप्त्यांनीं घ्यावी : पाहणी व अंदाजपत्रक होतांच पहिला हप्ता, मग छप्पर, मग नळ-वीज, शेवटचा किल्ली देतांना. पाहणीची फी तर काम मिळो न मिळो घ्यावी. वैद्य नाडी पाहण्याचें घेतो तसेंच हें. सेवेची उलाढाल वर्षास 20 लाखांच्या आंत आहे तोंवर वस्तु व सेवा कराची नोंदणी सामान्यतः करावी लागत नाहीं. पुढें ती करावी लागली कीं बिलावर शेंकडा 18 चढतात, हेंहि मालकांस आधींच सांगून ठेवावें.

इतकें झाल्यावर मी सिमेंटच्या प्रश्नाकडे वळलों. “ही पोत्यामागची रक्कम तुला कशासाठीं हवीशी वाटली ?” मीं विचारलें. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पन्नास हजार कमी पडतात म्हणून.” तेंच तर ! जें तोंडानें मागण्याचें धैर्य झालें नाहीं तें पाठीमागून घेण्याचा मोह झाला. 1872 सालचा करारविषयक कायदा याविषयीं स्पष्ट आहे : मालकाच्या अपरोक्ष प्रतिनिधि स्वतःच्या खात्यावर जो व्यवहार करतो, त्याच्या लाभावर मालकास हक्क सांगतां येतो. पण कायदा बाजूस ठेविला तरी, दुकानदाराचें मीठ खाल्लेला मनुष्य हलकें सिमेंट परत पाठवूं शकत नाहीं, हें लहान मुलालाहि समजेल.

दुसऱ्या दिवशीं त्यानें दोघां भागीदारांस बोलाविलें. दुकानदाराची देकार त्यांच्यापुढें मांडून ती सूट बिलांतच वळती करून घ्यावी असें सुचविलें. हातीं घेतलेलें काम वीस हजारांतच पुरें करीन, कारण शब्द दिला आहे, असेंहि सांगितलें. “मात्र पुढील घराचा मोबदला सत्तर हजार, चार हप्त्यांनीं,” हें वाक्य बोलतांना त्याचा आवाज किंचित् कांपला. एक भागीदार हंसला. दुसऱ्यानें सूट किती पडते तें कागदावर मांडून पाहिलें. शेवटीं साठ हजारांवर ठरलें, आणि काम पांचव्या महिन्यांत गेलें तर दरमहा निराळे, असें लेखी झालें.

दहा हजार गेले खरे. पण त्या रात्रीं माझी बहीण मला म्हणाली, “दादा, आज तो पोटभर जेवला.” आपल्या मुलांना आपण गणित शिकवितों, संस्कृत शिकवितों, स्वतःच्या कामाचा आंकडा ताठ मानेनें कसा सांगावा, हें मात्र कोणी शिकवीत नाहीं. तें घरींच शिकवावें लागेल. पुढच्या वेळीं आपल्या ओसरीवर कोणी मुलास “तुमचें काय द्यायचें ?” असें विचारलें, तर वडील माणसांनीं भिडेपोटीं “पाहूं हो, घाई काय आहे !” असें मध्येंच म्हणूं नये. त्याला बोलूं द्यावें.