एका कपाटाचं वर्ष

आमच्या घरातलं मराठी तीन लिप्यांत विखुरलेलं आहे. पोथ्या बाळबोधीत, पणजोबांचे शेतीचे हिशेब मोडीत, आणि आईची पत्रं तमिळ अक्षरांत. कुंभकोणाजवळच्या मरुदानल्लूरमधल्या आमच्या घरी हे सगळं एकाच सागवानी कपाटात राहतं. गेलं वर्षभर दर शनिवारी दुपारी मी त्या कपाटातून एक पुस्तक काढलं, वाचलं, आणि त्याच्याबरोबर घरातली जी आठवण वर आली ती वहीत उतरवली. वही आता भरत आली आहे, म्हणून तिचा हा मागोवा.

सुरुवात झाली ती श्रीधरस्वामींच्या ‘रामविजया’ने. पंढरपुरी १७०३ साली पूर्ण झालेला हा ग्रंथ मुंबईच्या छापखान्यातून आमच्या घरी कधी आला, ते सांगणारं आता कुणी नाही. पण पानं बोलतात. युद्धकांडाची पानं कोपऱ्यांवर तेलाने पारदर्शक झाली आहेत, कारण चातुर्मासात आजी समईशी बसून ती वाचायची. ओवी मराठीत म्हणायची, आणि अर्थ शेजारणींसाठी तमिळमध्ये सांगायची. दोन भाषांच्या मध्ये ती क्षणभरही अडखळत नसे. मी पाच-सहा वर्षांची असेन. सीतेच्या शोधाचा अध्याय आला की शेजारच्या मामी पदराने डोळे पुसायच्या, आणि त्यांना मराठीचं अक्षरही येत नव्हतं. ऐकायला माणूस समोर बसलेला असला की भाषा टिकते, हे मी तिथे पाहिलं. वर्षभर जे जे वाचलं त्यातून पुन्हा पुन्हा हेच समोर आलं.

त्याचा सर्वांत मोठा पुरावा आमच्या गावातच आहे. मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी, म्हणजे वेंकटराम देशिकर, बोधेंद्र सरस्वती आणि श्रीधर अय्यावाळ यांच्यानंतरचे दक्षिणेतल्या नामसंकीर्तन परंपरेचे तिसरे आचार्य. जन्म १७७७ चा मानतात. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांचा जन्मही त्याच वर्षीचा, आणि स्वामींना राजांचा आश्रय होता. भजन कोणत्या क्रमाने करायचं, आधी तोडयमंगलम, मग गुरुवंदन, मग जयदेवांच्या अष्टपदी, नारायणतीर्थांची पदं, ही घडी त्यांनी बसवली असं परंपरा मानते. त्या घडीत संस्कृत, तेलुगू, कन्नड, तमिळ यांच्या पंगतीला मराठी अभंगही बसले. आजही तमिळ आणि तेलुगू घरांतली मुलं तुकोबा-नामदेवांचे अभंग तोंडपाठ म्हणतात. त्यांच्या वह्यांत ते तमिळ लिपीत लिहिलेले असतात. तमिळमध्ये ‘क’ आणि ‘ग’ एकाच अक्षराने लिहितात, त्यामुळे उच्चार कधी इकडे कधी तिकडे होतो. पुण्याचा कुणी पाहुणा आला की त्याचे कान टवकारतात. मला त्या उच्चारांत काहीच खटकत नाही. मराठी ज्यांची मातृभाषा नाही अशा तोंडांनी ती दोनशे वर्षं जपली, याचं मोल शुद्धतेहून फार मोठं आहे.

पावसाळ्यात मी आत्याच्या बांधीव खंडांकडे वळले. कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ १९५० ते १९५४ ‘कल्की’ साप्ताहिकात येत होती, तेव्हा आत्या दर अंकातली पानं कापून ठेवायची. शेवटी जुन्या लुगड्याच्या काठाने तिने त्यांचे खंड शिवले. एका ठिकाणी छापील पानांऐवजी तिच्या हातची तमिळ अक्षरं आहेत. तो अंक पावसात भिजला होता, म्हणून शेजाऱ्यांचा अंक आणून तिने अख्खं प्रकरण उतरवून काढलं, चित्राच्या जागी चौकट आखून ती रिकामी ठेवली. कादंबरीतलं पळैयारै, चोळांची जुनी राजधानी, आमच्यापासून जवळच. आत्याबरोबर तिथे गेले तेव्हा कादंबरीचा नायक वंदियत्तेवन कुठून आला असेल यावर ती घरच्या माणसाविषयी बोलावं तशी बोलत होती.

आई मात्र खांडेकरांची वाचक. आणि तिने खांडेकर वाचले ते तमिळमध्ये, का. श्री. श्री. यांच्या भाषांतरांत. ही भाषांतरं तमिळनाडूत इतकी वाचली गेली की खांडेकर तमिळ लेखकच, असं अनेकांना वाटे. ज्या घरात दिवसभर मराठी बोललं जाई त्या घरच्या बाईला मराठी लेखक तमिळमधून भेटावा, याचं मला तरुणपणी वाईट वाटायचं. तिला बाळबोध अक्षर शिकवायला कुणाला सवड झाली नव्हती. पुढे तिची दृष्टी गेली तेव्हा मी मराठी ‘ययाति’ मागवून तिला वाचून दाखवू लागले. मी मराठी वाक्य सुरू केलं की पुष्कळदा तेच वाक्य ती तमिळमध्ये आधीच म्हणून टाकायची. देवयानीचा भाग दोनदा वाचायला लावायची. त्या कादंबरीला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं हे तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला सख्ख्या भावाचा असावा तसा अभिमान होता.

ति. जानकीरामन यांच्या ‘मोहमुळ्’वर मी लागोपाठ काही शनिवार लिहिलं. कुंभकोणाची अशी कादंबरी दुसरी नाही. तिथले रस्ते, गाण्याचे वर्ग, कॉलेजातल्या मुलांच्या खोल्या. आणि नायिका यमुना ही तंजावरच्या मराठी आईची मुलगी. आई मराठी, वडील तमिळ ब्राह्मण, आणि त्यापायी तिचं लग्न जमत नाही. आमच्या लोकांवर लिहिलेली, मला सर्वांत जवळची वाटणारी कादंबरी ही अशी तमिळमध्ये आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांनी ती जरूर मिळवून वाचावी.

मधले काही आठवडे स्वयंपाकघराने घेतले. सरफोजींच्या काळातला ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापला आहे. त्याच्या पानांत आईने आपल्या पाककृतींच्या चिठ्ठ्या घालून ठेवल्या होत्या. डांगर पचडी, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी, आणि तीळ, शेंगदाणे, चिंच, गूळ घातलेला कायरस. प्रमाण कुठेच नाही. ‘नेहमीसारखं’ एवढंच लिहिलेलं.

सरस्वती महालला पहिल्यांदा नेलं ते वडिलांनी. आधी ते आम्हाला तंजावरच्या मोठ्या देवळात घेऊन गेले. तिथे भिंतीवर १८०३ सालचा, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख आहे. दगडाला हात न लावता, बोट हवेत धरून त्यांनी आमच्याकडून एकेक अक्षर वाचून घेतलं. माझी अक्षरओळख पक्की झाली ती त्या भिंतीपाशी. मग ग्रंथालयात गेलो. नायक राजांच्या काळापासूनचा तो संग्रह सरफोजींनी वाढवला, काशीयात्रेतूनही हस्तलिखितं आणली, इंग्रजी पुस्तकांवर सह्या केल्या. त्यांच्या वाड्यातल्या छापखान्यात इसापच्या गोष्टींची मराठी ‘बालबोधमुक्तावली’ १८०६ साली छापली गेली, मराठी छपाईच्या अगदी पहाटेची गोष्ट. १८५५ मध्ये राज्य खालसा झालं. ग्रंथालय १९१८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. इकडे टी. माधवरावांसारखी कुंभकोणची मराठी माणसं त्रावणकोर, इंदूर, बडोद्याचे दिवाण झाली. राजाचे कागद राहिले, मोठ्या माणसांचेही राहिले.

साध्या घरांचे राहिले नाहीत. माझी वही संपता संपता मनात राहिलेली चुटपुट ही आहे. आमच्या नात्यातल्या एका घरात मोडी कागदांचं गाठोडं न्हाणीघरातल्या चुलीत गेलं. कुणाला वाचता येत नाही, मग ठेवायचं कशाला, एवढंच कारण. पणजोबांचे हिशेब मी अजून पूर्ण लावू शकलेले नाही. पण भात किती कलम (हे इकडचं धान्याचं माप), वाटेकऱ्याला किती, कावेरीला पूर आला त्या वर्षी काय सोडून दिलं, हे त्यांत हळूहळू दिसू लागलं आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने राजवाड्यातल्या मोडी कागदांची तमिळ भाषांतरं प्रसिद्ध केली, म्हणजे वाचणारी माणसं आहेत.

नात बेंगळूरूहून फोनवर विचारते, “आज्जी, या शनिवारी काय वाचलंस?” मी वाचून दाखवते, ती ऐकते. तिला बाळबोध वाचता येतं, मोडी मी शिकवणार आहे.

तंजावर, कुंभकोण, मन्नारगुडी, चेन्नई, जिथे कुठे आपल्या मराठी घरांचे माळे आणि पेट्या असतील, तिथल्या सर्वांना माझी विनंती आहे. वाचता येत नाही म्हणून एकही कागद टाकू नका. कडुनिंबाचा पाला घालून, कोरड्या कापडात बांधून ठेवा, कुठल्या घरचे, कुणाच्या हातचे हे वर लिहा, आणि वाचू शकणाऱ्या माणसाला दाखवा. घरात जी वयस्क बाई अजून ओव्या म्हणते आहे, तिच्यासमोर या आठवड्यातच जाऊन बसा.