दगड कुठे संपतो, हाड कुठे सुरू होतं

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीच्या शेजारी जान जूक नावाचं गाव आहे. लोक तिथे जातात ते लाटांवर फळी घेऊन उतरायला. किनाऱ्यावरच्या कड्यांमध्ये मात्र अडीच कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ उघडा पडलेला दिसतो. हा चुना मिसळलेला घट्ट चिखल, त्याला मार्ल म्हणतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एका तरुण सर्फरला इथल्या दगडात हाडं दिसली. २००६ मध्ये एरिक फिट्झजेरल्ड या जीवाश्मतज्ज्ञाने त्यातल्या कवटीवरून व्हेलची एक नवी प्रजाती जाहीर केली, तिचं नाव ‘जंजुसीटस’. जेमतेम तीन मीटर लांब, आखूड रुंद तोंड, मोठाले डोळे आणि भक्ष्य फाडायचे दात.

बातमीत या दोनच तारखा येतात, सापडल्याची आणि नाव मिळाल्याची. मधल्या वर्षांत दगडातून ती कवटी कुणीतरी सोडवलेली असते, त्याची कुणी चौकशी करत नाही. मला तेच काम बघायचं होतं. म्हणून अशाच किनारी दगडांतली हाडं सोडवणाऱ्या एका बाईंच्या टेबलाशी जाऊन बसले.

टेबलावर वाळूची पिशवी, तिच्यावर दगड, वर सूक्ष्मदर्शक. बाईंच्या हातात पेनाएवढं हत्यार, मागे कंप्रेसरची नळी. दाबाखालच्या हवेने त्याचं पोलादी टोक इतक्या वेगाने पुढेमागे होतं की डोळ्याला ते स्थिरच वाटतं. हे टोक हाडाला लावायचं नसतं. हाडाच्या किंचित अलीकडे, दगडातच धरायचं. मार्ल चांगला असेल तर त्याचा पापुद्रा हाडावरून आपसूक सुटतो आणि खाली तपकिरी, जरा तकतकीत पृष्ठभाग दिसतो. चांगला नसेल तर हाडच दगडाबरोबर निघून येतं. भेग दिसली की यंत्र बंद. ॲसिटोनमध्ये पातळ केलेल्या पॅरालॉइड बी-७२ चा एक थेंब भेगेच्या तोंडाशी सोडायचा, तो आपोआप आत ओढला जातो. मग वाळेपर्यंत गप्प बसायचं. हाच डिंक का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, ‘पुढच्या माणसाला माझं काम पटलं नाही, तर त्याला तो ॲसिटोनने काढता आला पाहिजे.’ मला हे उत्तर फार आवडलं.

जिथे हत्यार पोचत नाही तिथे आम्ल. व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिटिक ॲसिड, पाण्यात पातळ केलेलं. ते चुना विरघळवतं. हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट त्या मानाने टिकून राहतं. उघड्या पडलेल्या हाडाला डिंकाचा हात द्यायचा, दगड आम्लात ठेवायचा, काढायचा, आणि जितका वेळ आम्लात होता त्याच्या कितीतरी पट साध्या पाण्यात ठेवायचा. नाहीतर आत उरलेल्या क्षारांचे स्फटिक होऊन वर्षभराने कवटी कपाटातच फुटते. वाळवायचं, परत डिंक, परत आम्ल. बघायला कंटाळवाणं काम आहे, उगाच सजवून सांगण्यात अर्थ नाही.

एवढी जपणूक कशासाठी, ते जंजुसीटसमध्ये नीट कळतं. आजचा निळा देवमासा किंवा कोकण किनाऱ्यावर कधीमधी लागणारा ब्रायडीचा व्हेल, यांच्या तोंडात दात नसतात; बलीनच्या झालरी असतात आणि त्यांतून ते अन्न गाळतात. आईच्या पोटात मात्र त्यांच्या पिल्लांना दातांचे कोंब फुटतात आणि जन्माआधीच जिरून जातात. जंजुसीटसला दात आहेत, बलीनचा मागमूस नाही, तरी तो त्याच घराण्यातला. दात बघून हे ठरलेलं नाही. ते ठरलं वरच्या जबड्याची रुंदी आणि कवटीची ठेवण यांवरून. त्याचा खालचा जबडा तर जुन्या व्हेलांसारखाच, पुढे घट्ट सांधलेला. आजच्या बलीन व्हेलसारखी सैल जोडणी त्यात नाही. असले पुरावे पातळ कडांवर आणि सांध्यांवर असतात, म्हणजे नेमके तिथे, जिथे घाईचं हत्यार आधी लागतं. दात कुणीही सांभाळील, तो चमकतो.

कानाची हाडंही अशीच. त्यातलं एक कवडीसारखं वळलेलं असतं आणि इतकं घट्ट, की बाकी सांगाडा झिजून गेला तरी ते किनाऱ्यावर सापडतं. जान जूकलाच २०१९ मध्ये कानाच्या हाडांसह अर्धवट कवटी आणि दात सापडले. त्यावरून २०२५ मध्ये दुसरी जाती ठरली, जंजुसीटस डलार्डी. हा प्राणी वयात न आलेला होता. कानाच्या आतल्या पोकळ्या सीटी स्कॅनने पाहिल्या गेल्या. स्कॅनमुळे हातकाम संपेल असं मला वाटत होतं. बाईंनी मान हलवली: हाड आणि दगड यांची घनता जवळजवळ सारखी असेल, तर पडद्यावरही सगळं करडंच दिसतं.

खाली पडलेला चुरा त्या फेकत नाहीत. कुठल्या बाजूचा ते लिहून पिशवीत भरतात. त्यात फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचं असतात. कोणत्या काळात कोणत्या जाती होत्या हे ठाऊक असल्याने त्यांच्यावरून थराचं वय काढता येतं. व्हेल किती जुना, हे बरेचदा त्या पिशवीतूनच कळतं.